श्वासाचा आकडा

"शेवटी माझीच मुलगी ना," बाईंची लेक हसत म्हणाली. "मीसुद्धा लहानपणी अशीच लबाड होते. पंप घ्यायचा नाही आणि घेतला म्हणून सांगायचं. विचारा की आईला."

हे ती बोलली नर्सशी, आणि तेही आपलं काहीतरी बोलायचं म्हणून. नर्स हसली. उंचीच्या पट्टीशी पाठ टेकून उभी असलेली सात वर्षांची नात हसली नाही. आणि बाईंच्या हातातलं नळीचं पाकीट अर्धवट फाडलेलं तसंच राहिलं. मुलांच्या दवाखान्यातली ही श्वास तपासायची खोली चोवीस वर्षं बाईंच्या ताब्यात होती. इथे त्यांनी मुलांना रडताना, ओकताना, नळी चावून तिचा चोथा करताना पाहिलं होतं, पण काम करताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. आज अडला. डोकं सुन्न वगैरे काही झालं नाही, उलट फारच लख्ख झालं, आणि त्या लख्ख डोक्यात एकच गोष्ट येऊन बसली: ही अजून तेच धरून आहे. एकवीस वर्षं झाली, हिचं लग्न झालं, हिला मूल झालं, आणि हिला अजून वाटतंय की आपण खोटं बोलत होतो. खरं काय ते या जगात एकट्या बाईंना माहीत होतं, आणि त्यांनी ते कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, सांगितलेलं नव्हतं.

काम तसं साधं. श्वासनळीला आतून सूज असली की सोडलेल्या श्वासात एक वायू जास्त सापडतो. यंत्र तो मोजतं आणि आकडा देतं. वीसच्या आत असला तर बरं चाललंय, पस्तीसच्या वर गेला तर आत सूज आहे, मग मूल बाहेरून कितीही हसत-खिदळत असो. येणाऱ्या मुलांत अर्धीअधिक इसबाची. आधी अंगावर इसब, मग छातीत दमा, अशी ती ओळीनं येत. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांचे कपडे, मलमाचा वास, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे खाजवून खाजवून जाड झालेली कातडी. बाई त्यांना स्टुलावर बसवायच्या, पालक-बीट खाल्लंस का, पळत आलास का, असं आकडा बिघडवणारं काही नाही ना ते विचारून घ्यायच्या आणि नळी तोंडात द्यायच्या. पडद्यावर एक ढग असतो. श्वास हळू सोडला तर तो दोन रेषांच्या मधून सरकत जातो, जोरात सोडला तर वर उडतो, मध्येच दमला तर खाली पडतो. यावरून मुलं त्यांना ढगवाल्या बाई म्हणायची, आणि बाईंना ते नाव मनापासून आवडायचं. पण हे यंत्र नुसतं सूज मोजत नाही. पंपातलं औषध रोज नेमानं घेतलं की सूज उतरते आणि आकडाही उतरतो. म्हणून आकडा चढलेला दिसला की सगळ्यांच्या मनात पहिली शंका तीच येते: पोरगं पंप घेतंय का? हळूहळू या खोलीत आया मुलांना घेऊन यायला लागल्या त्या आजारासाठी कमी आणि चोरी पकडायला जास्त. आणि बाईंनाही त्यात जरा मजा वाटायची, खोटं कशाला बोला. यंत्र खोटं बोलत नाही हं बाळा, हे वाक्य त्यांनी किती वेळा टाकलं असेल त्याला गणती नाही. ते ऐकून एखादं मूल खाली मान घालायचं, आणि आई विजयी मुद्रेनं बाईंकडे बघायची.

नातीला त्यांनी स्टुलावर बसवलं. पायाखाली लाकडी पाट सरकवला. नातीच्या मनगटावर कालच्या खाजेच्या रेघा होत्या, लाल, ओळीनं. बाईंनी तिला सांगितलं, श्वास आत घे, पोटभर, आता सोड, हळू, अगदी हळू, ढगाला वर जाऊ द्यायचं नाही. नात शहाण्यासारखी सोडत गेली. ढग रेषेला न लागता सरळ पलीकडे गेला. चोपन्न. थोडं थांबून पुन्हा. बावन्न. दोन्ही आकडे जुळले म्हणजे चाचणी नीट झाली, आता शंकेला जागा नाही. लेक या यंत्राच्या सावलीतच वाढलेली, तिला पडदा वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं कपाळाला हात लावला. मग मुलीसमोर उकिडवी बसली आणि गोड आवाजात म्हणाली, हे बघ, खरं सांगितलंस तर मी रागावणार नाही. नात म्हणाली, घेते मी. ते ती अशा सुरात म्हणाली की हा प्रश्न घरी खूपदा होऊन गेला असणार हे बाईंना कळलं. लेकीनं बाईंकडे बघून डोळे मिचकावले. आता आजी म्हणून, ढगवाल्या बाई म्हणून त्यांनी ते नेहमीचं वाक्य टाकायचं होतं. बाई पाकिटाचे तुकडे गोळा करत बसल्या.

त्या वर्षी लेक अकरा वर्षांची होती. तिचं इसब कमी होऊन दमा नुकताच सुरू झाला होता. यंत्र तेव्हा टेबलभर मोठं, आणि दवाखान्यात कुणाला त्याचं फारसं कळत नव्हतं. बाईंना कळत होतं. त्याचा त्यांना गर्व होता, नाही कशाला म्हणा, चांगला दांडगा गर्व होता. शाळा सुटल्यावर लेक दवाखान्यात यायची आणि बाई काम संपल्यावर तिचा श्वास तपासायच्या. पहिल्यांदा आकडा आला सदुसष्ट. बाईंनी विचारलं, पंप घेतेस ना? लेक म्हणाली, रोज घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक. बाईंनी मान डोलावली, पण मनात नोंद केली. महिन्यानं एकाहत्तर. मग मात्र त्यांनी तिला समोर बसवलं. लेकीनं वही आणून दाखवली, प्रत्येक फवाऱ्याला पेन्सिलीची एक रेघ, पानंच्या पानं. बाई म्हणाल्या, रेघा काय, बसल्या जागी शंभर ओढता येतात. मुलीचे बाबा मध्ये पडले तर त्यांनाही त्यांनी उडवून लावलं. तुम्हाला यातलं काय कळतंय, मी रोज असली पन्नास पोरं बघते, असं म्हणाल्या. शाळेची समुद्रावरची सहल होती, तिची चिठ्ठी बाईंनी सही न करता परत पाठवली. खोटं बोलणाऱ्या मुलींना सहलीला पाठवत नाहीत. आणि एवढ्यावरही थांबल्या नाहीत. त्यांनी पोरीशी अबोला धरला. जेवण वाढायचं, कपडे काढून ठेवायचे, मलम लावायला हात पुढे करायचा, पण तोंडातून शब्द नाही. तीन दिवस. पोरीच्या पाठीला मलम लावताना सुद्धा शब्द नाही. आज बाईंना त्या सगळ्यात हे मलमाचं जास्त झोंबतं. ती पाठ समोर होती, खरखरीत, गरम, आणि आपण तिच्याशी बोलत नव्हतो.

तिसऱ्या संध्याकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत होती. बाई भांडी पुसत होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही.

"हो," लेक म्हणाली. "नव्हते घेत. आता बोल ना माझ्याशी."

यातलं पहिलं वाक्य बाईंनी तेव्हा ऐकलं. दुसरं कानावर पडलं असणार, पण ते ऐकू आलं फार उशिरा, कितीतरी वर्षांनी, एकदा असंच काहीतरी निवडत बसलेल्या असताना. तेव्हा नुसतं जिंकल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी लेकीला पोटाशी धरलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि नवऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मग त्या म्हणाल्या की आजपासून तुझा पंप माझ्या ताब्यात. माझ्यासमोर घ्यायचा, आणि दर रविवारी धुवायचाही मीच.

हे धुण्याचं सांगायला हवं, कारण सगळी माशी तिथेच शिंकली होती. पंपाचे दोन भाग असतात, औषधाची पत्र्याची कुपी आणि तिच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर. आठवड्यातून एकदा कुपी काढून ठेवायची, कव्हर कोमट पाण्यानं धुवायचं, वाळलं की कुपी परत बसवायची. दवाखान्यातही पंप असायचे, पण नमुन्याचे. मुलांना कसा धरायचा, कधी दाबायचा ते शिकवण्यापुरते. दिसायला खरे, आवाजही खरा, फवाराही उडतो, फक्त आत औषध नसतं. दवाखान्यातलं बेसिन कायम तुंबलेलं, म्हणून बाई ते नमुन्याचे पंप रविवारी घरी आणून धुवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचीच हौस. काम नेटकं हवं, सगळ्यांनी म्हणायला हवं की बाईंसारखं कुणी नाही. सतत ओल्या हातांनी हाताळून कुप्यांवरचे कागद निघून जात, म्हणून त्यांनी नमुन्याच्या कुपीच्या अंगावर, कव्हरमध्ये झाकलं जाईल अशा जागी, सुईनं बारीक फुली मारून ठेवलेली होती. कबुलीच्या दोन महिने आधी, एका रविवारी त्या लेकीला म्हणाल्या की तू आता मोठी झालीस, पुढच्या आठवड्यापासून आपला पंप आपण धुवायचा. तोच शेवटचा रविवार, ज्या दिवशी घरातला आणि दवाखान्यातला असे दोन्ही पंप त्यांनी स्वतः धुतले, ओट्यावर पंचावर वाळत घातले आणि स्वतःच्या हातानं परत जोडले. पुढे दवाखान्यातला पंप धुताना कुपीवर फुली आहे का, हे बघायचं त्यांना कधी सुचलं नाही.

कबुलीनंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी लेकीच्या पंपातून कुपी ओढून काढली आणि तिच्यावर फुली होती. त्यांनी ती खिडकीशी नेली. फुलीच होती. त्यांनी कुपी कानाशी धरून हलवली. त्या शेवटच्या रविवारी ती नवीकोरी होती, एकशेवीस फवाऱ्यांची. आता आत काही हलत नव्हतं. रोज दोन, साठ दिवस. पोरीनं एकही चुकवला नव्हता. सकाळ-संध्याकाळ तिनं निव्वळ वारा ओढून घेतला होता आणि नेमानं रेघ मारली होती. बाहेरच्या खोलीत लेक गृहपाठ करत होती, मोठ्यानं काहीतरी पाठ करत होती. दहा पावलं असतील. दहा पावलं जायचं आणि म्हणायचं, बाळा, तू खरं बोलत होतीस, माझं चुकलं. एवढंच. त्यांनी पाण्याचा नळ सोडला, कव्हर धुतलं, कपाटातून नवा पंप काढला आणि फुलीची कुपी पर्सच्या तळाशी टाकली. सोमवारी लवकर जाऊन त्यांनी दवाखान्यातली कुपी बदलली. दोन महिने तिथली मुलं शिकायला म्हणून खरं औषध ओढत होती, हे कुणाला कळलं तर नोकरीवर गदा येईल, ही धास्ती होतीच. पण ते निमित्त. खरं हे की पोरीनं कबूल करून टाकलं होतं. सगळं मिटलं होतं. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं होतं. मिटलेलं कोण उकरून काढणार? बाईंनी ठरवलं, सांगू, जरा सगळं निवळलं की सांगू. तीन आठवड्यांनी आकडा आला सव्वीस. लेक पडद्याकडे बघत राहिली आणि मग बाईंकडे. तेव्हा तरी सांगायचं. तेव्हा बाई काय म्हणाल्या? म्हणाल्या, बघितलंस, नीट घेतलं की कसं होतं ते.

त्या वाक्याबद्दल बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. चूक कुणाच्याही हातून होते, कुप्या बदलल्या जातात, त्याचं एवढं नाही. पण हे वाक्य त्या सगळं माहीत असताना बोलल्या.

मग पोरगी मोठी झाली. चांगली झाली, हुशार, कामसू, सासरी-माहेरी सगळ्यांना हवीशी. पण तिची एक खोड होती. घरातून निघताना कुलपाचा फोटो काढायची. गॅस बंद केला की त्याचा फोटो. दहा मिनिटं उशीर होणार असला तर रस्त्यावरच्या गर्दीचा फोटो पाठवायची, कुणी मागितलेला नसताना. बोलताना सारखं शप्पथ, खरंच, विचार हवं तर. जावई तिची यावरून थट्टा करायचा, अगं मी काय पोलीस आहे का, म्हणायचा. सगळे हसायचे आणि बाईही हसायच्या. पण आपल्याला पुरावा दिल्याशिवाय कुणी खरं मानणार नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. कितीदा तोंडाशी आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आलं होतं, बाळंतपणात तिच्या केसांना तेल लावताना आलं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता आनंदात आहे, कशाला उगाच. आनंदात नसायची तेव्हा वाटायचं, आता आधीच कष्टी आहे, कशाला आणखी.

मोठ्या डॉक्टरांनी नातीची छाती ऐकली, कातडी पाहिली, आकडा पाहिला आणि लेकीला तोच प्रश्न केला. लेक म्हणाली, घेते म्हणते, पण मला काही खात्री नाही. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस तुमच्यासमोर द्या, मग पुन्हा बघू. बाईंनी मध्येच विचारलं, पंप आणलाय का, दाखव. लेकीनं पर्समधून काढला. बाईंनी कुपी उपसून काढली, नाव वाचलं, तारीख वाचली, हलवून पाहिली. औषध होतं, बरोबर होतं. मग नातीला म्हणाल्या, घेऊन दाखव. नातीनं पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला, ओठ घट्ट मिटून पंप दाबत हळू आत ओढला आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. बाईंच्या हाताखाली शिकलेल्या नर्सपेक्षा नीट. न घेणाऱ्या मुलाला इतकं बिनचूक येत नाही. अंगावर इसब भडकलेलं असताना औषध घेऊनही आकडा चढलेला राहतो, हे बाईंनी शेकडो वेळा पाहिलं होतं. अहवालाच्या खाली शेऱ्यासाठी एक रकाना असतो. एकवीस वर्षांपूर्वी याच रकान्यात त्यांनी स्वतःच्या लेकीसाठी लिहिलं होतं, औषध घेत नाही. आज त्यांनी लिहिलं, औषध नियमित घेते, पद्धत उत्तम, सुजेचं अन्य कारण शोधावं. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं आणि सही केली. रक्ताची तपासणी लिहून दिली. नर्स नातीला घेऊन गेली.

खोलीत दोघीच उरल्या. लेक मोबाईल बघत होती. बाईंनी दार लोटलं, तिच्यासमोर स्टुलावर बसल्या, मुलं बसतात त्या स्टुलावर, आणि सांगायला सुरुवात केली. आडपडदा ठेवला नाही. पंचावर वाळत घातलेल्या दोन कुप्या, सुईची फुली, रिकामी झालेली कुपी, सोमवारची सकाळ, सव्वीस आकडा आणि ते वाक्य. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. लेकीनं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग येत नव्हता. बाई त्या रागाची एकवीस वर्षं वाट बघत होत्या. येऊ दे म्हणत होत्या, येऊ दे, मला काय बोलायचं ते बोल.

"तू खरं बोलत होतीस," बाई शेवटी म्हणाल्या. "एक दिवस चुकवला नव्हतास. मीच तुला खोटं ठरवलं. मला माफ कर."

लेकीनं त्यांचा हात हातात घेतला. कुप्यांचं झालं असेल, ती म्हणाली, घाईत कुणाचंही होतं, त्याचं काय एवढं. पण आई, मी खरंच नव्हते घेत गं. आणि ती सांगायला लागली, अगदी मायेनं, आजारी माणसाची समजूत घालावी तशी. गॅलरीत जायची ती पंप घेऊन. कठड्याशी उभी राहायची. आई आतून ऐकतेय म्हणून मोठ्यानं "एक" म्हणायची, आणि कठड्याबाहेर हात काढून फवारा उडवून द्यायची. सकाळचं ऊन असायचं, त्यात तो पांढरा धूर दिसायचा. मग आत येऊन वहीत रेघ. अजून डोळ्यांसमोर आहे, ती म्हणाली. तू रागावलीस म्हणून तर मी सुधारले, नाहीतर काय झालं असतं माझं.

बाईंना दिसलं, ती थाप मारत नव्हती. तिला खरोखर दिसत होतं ते सगळं, ऊन, कठडा, धूर. गॅलरी होती ती नंतरच्या घराला. तिथे ते राहायला गेले तेव्हा लेक तेरा वर्षांची होती.

"त्या घराला गॅलरी नव्हती," बाई म्हणाल्या.

लेकीच्या कपाळावर बारीक आठी पडली, ती डोळे किंचित बारीक करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि बाईंना वाटलं, आता. बाहेर नर्स नातीला काहीतरी सांगत होती. लेकीनं बाईंचा हात थोपटला आणि पर्स खांद्याला लावत उठली.

"मग खिडकी असेल," ती म्हणाली. "पण नव्हते मी घेत. मला माहीत आहे ना मी कशी होते ते."